लहान मुलांचा ताप आणि मानेतल्या गाठी: कधी थांबायचं आणि कधी लगेच दाखवायचं

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेतीन वर्षांची आहे, पाच दिवस झाले ताप आहे, औषध दिलं की उतरतो आणि पाच-सहा तासांत परत चढतो, मानेला दोन्ही बाजूंना गाठी लागतात, त्यातली उजवीकडची मोठी आहे आणि हात लावला की ती ओरडते, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बघून व्हायरल आहे म्हणून फक्त पॅरासिटामॉल दिलं, आणि आता घरात कुणी टीबी म्हणतंय तर कुणी त्याहून भयंकर काहीतरी. आधी सरळ उत्तर देते, मग कारणं सांगते. तिला उद्याच्या उद्या परत दाखवा. टीबी किंवा कॅन्सरच्या भीतीने नाही, कारण पाच दिवसांत उठलेल्या दुखऱ्या गाठीमागे ते निघण्याची शक्यता फारच कमी असते. दाखवायचं ते एवढ्यासाठी की दुसऱ्या दिवशीची तपासणी पाचव्या दिवशी उपयोगाची राहत नाही, आणि ताप पाच दिवसांच्या पुढे गेला की आम्ही काही गोष्टी मुद्दाम शोधतो ज्या दुसऱ्या दिवशी दिसतच नाहीत. तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, दुसऱ्या दिवशी मीही बहुतेक तेच केलं असतं.

आता गाठींचं. लहान मुलांच्या मानेत गाठी हाताला लागणं हे बहुतेक वेळा नॉर्मल असतं, आणि इतकी वर्षं मुलं तपासल्यावरही हीच गोष्ट पालकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. या गाठी म्हणजे लिम्फ नोड, मराठीत लसिका ग्रंथी, त्या आजारातून नव्याने तयार होत नाहीत, जन्मापासून सगळ्यांच्या शरीरात असतात आणि मानेत तर भरपूर असतात. घशातून, नाकातून, कानातून, दातातून जे काही जंतू आत शिरतात ते त्या भागातल्या लसिकेबरोबर (पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव) जवळच्या नोडमध्ये पोचतात, तिथल्या पेशी त्यांना ओळखतात, वाढतात, आणि नोड फुगतो. मूल पाळणाघरात किंवा शाळेत जायला लागलं की वर्षात सहा-आठ वेळा सर्दी ताप होणं अगदी नेहमीचं आहे, प्रत्येक वेळी नोड फुगतो, हळूहळू बसायला लागतो आणि पुरता बसायच्या आत पुढची सर्दी हजर होते. शिवाय लहान वयात हे सगळं टिश्यू मोठ्यांपेक्षा जास्त असतं आणि वयात यायच्या सुमारास ते कमी व्हायला लागतं, त्यात मुलांच्या मानेवर चरबी कमी, त्यामुळे मान वळवली की गाठ नुसती लागतच नाही तर दिसतेसुद्धा. मानेतली १ सेंटीमीटरपर्यंतची, मऊसर, बोटाखाली सरकणारी गाठ आणि जांघेतली दीड सेंटीमीटरपर्यंतची गाठ, मूल एरवी छान असेल तर, मी नोंद करते आणि सोडून देते.

पण आकारापेक्षा मला गाठ कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि घरी आईवडिलांना हे सहज बघता येतं. प्रत्येक नोडचा ठरलेला इलाका असतो. जबड्याच्या कोपऱ्याखाली, कानाच्या खाली पुढच्या बाजूला सुजली तर घसा आणि टॉन्सिल बघायचे. हनुवटीखाली किंवा जबड्याच्या हाडाखाली असेल तर तोंड उघडून दात, हिरड्या, ओठांच्या आत आलेलं तोंड बघायचं, किडलेल्या दाढेमुळे महिनोन्महिने गाठ राहिलेली मुलं मी कितीतरी बघितलीयत, आणि दाढेचं काम झालं की गाठ आपोआप कमी होते. डोक्याच्या मागच्या बाजूला, केसांच्या कडेला असेल तर केस बाजूला करून टाळू बघा, उवा, पुळ्या, खपल्या, खाजवून झालेल्या जखमा, फंगस, यातलं काहीतरी निघतंच. कानाच्या मागे आणि डोक्याच्या मागे एकदम बऱ्याच गाठी आणि अंगावर बारीक लाल पुरळ असेल तर रुबेलाचा (जर्मन गोवराचा) विचार येतो, आणि मग घरात किंवा शेजारी कुणी गरोदर असेल तर त्यांना मुलापासून लांब ठेवून लगेच त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगायचं. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन-चार दिवस सणकून ताप, मागच्या बाजूला गाठी, आणि ताप उतरल्यावर अंगभर पुरळ, असं झालं तर तो बहुतेक रोझिओला असतो, तो दिसायला घाबरवणारा पण आपला आपण जाणारा आजार आहे. पायाला काही लागलं, पिकलं की जांघेत अवधाण येतं हे तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे, मानेचं गणितही तेच आहे.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवा. कॉलर बोनच्या वर, खांद्याजवळच्या खड्ड्यात गाठ लागली तर ती कितीही छोटी असो, दुखो न दुखो, ताप असो नसो, डॉक्टरांना दाखवायचीच. त्या जागेच्या नोडकडे छाती आणि पोटाच्या आतला भाग येतो आणि तिथे साध्या सर्दीने गाठ येत नाही.

पुढचा प्रश्न असतो एका बाजूला की दोन्ही बाजूंना. दोन्ही बाजूंना, साधारण सारख्या, थोड्या दुखऱ्या, वरची कातडी नेहमीसारखी, सोबत सर्दी खोकला, तर हे नव्वद टक्के नव्हे त्याहूनही जास्त वेळा व्हायरल असतं असं मला अनुभवाने वाटतं. अॅडिनोव्हायरस हा त्यातला जरा त्रासदायक, त्याने ताप पाच-सहा-सात दिवससुद्धा खेचतो, घशावर पांढरं दिसतं, डोळे लाल होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की हे नक्की बॅक्टेरियाच. ईबीव्ही नावाच्या व्हायरसने होणारा मोनो हा दुसरा, त्यात मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी येतात, पापण्या सुजतात, मूल घोरायला लागतं कारण टॉन्सिल आणि अॅडिनॉइड फुगलेले असतात, प्लीहा (पोटातला डाव्या बाजूचा अवयव) मोठी होते. प्लीहा मोठी असेल तर काही आठवडे उड्या मारणं, धक्काबुक्कीचे खेळ बंद ठेवायला सांगतो कारण पोटावर मार बसला तर ती फुटू शकते, क्वचितच होतं पण झालं तर जिवावरचं असतं.

एकाच बाजूची गाठ झपाट्याने वाढली, दोन-तीन दिवसांत तीन सेंटीमीटरच्या पुढे गेली, वरची कातडी लाल आणि गरम झाली, हात लावू देत नाही, तर तो बॅक्टेरियाचा संसर्ग, आणि एक ते चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नाहीतर स्ट्रेप्टोकॉकसचा असतो. इथे मात्र अँटिबायोटिक लागतं आणि ते वेळेवर लागतं. सुरू केल्यावर ४८ ते ७२ तासांत ताप आणि दुखणं कमी व्हायला हवं, गाठ लगेच छोटी होणार नाही पण वाढायची तरी थांबायला हवी. तसं झालं नाही तर परत जायचं, कारण आत पू धरलेला असू शकतो. पू आहे की नाही हे सोनोग्राफीत कळतं, आणि असेल तर तो काढावा लागतो, नुसत्या गोळ्या-सिरपने भागत नाही. तुम्ही म्हणताय उजवीकडची मोठी आहे आणि दुखते, म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी आहे, डॉक्टर उद्या हेच बघतील की ती बाकीच्या गाठींसारखीच आहे की वेगळ्या वाटेने चाललीय.

आता ज्यासाठी मी तुम्हाला उद्याच जा म्हणतेय ते. कावासाकी नावाचा आजार आहे, जपानच्या डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं, तो जगात सगळीकडे होतो आणि बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाच होतो. नेमका कशाने होतो ते अजून पक्कं ठरलेलं नाही, पण त्यात रक्तवाहिन्यांना सूज येते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्या त्यात सापडतात. लक्षणं अशी, पाच दिवस किंवा जास्त ताप, तोही हट्टी, औषधाने जेमतेम खाली येणारा, दोन्ही डोळे लाल पण चिकटा किंवा पू नाही, ओठ लालभडक आणि फाटलेले, जीभ लाल आणि तिच्यावर दाणे उठलेले, अंगावर पुरळ, हाताचे पंजे आणि पावलं सुजलेली किंवा लाल, आणि मानेत दीड सेंटीमीटरहून मोठी गाठ, बहुधा एकाच बाजूला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकाची साल निघते पण तोवर थांबलं तर उशीर झालेला असतो. काही मुलांत बीसीजीच्या, म्हणजे टीबीच्या लसीच्या, इंजेक्शनची जुनी खूण लाल होते, सुजते, ही खूण दिसली तर मी फार गांभीर्याने घेते.

अडचण अशी आहे की ही सगळी लक्षणं एका वेळी दिसत नाहीत. पुरळ मंगळवारी येऊन बुधवारी गेलेलं असतं, डोळे शुक्रवारी लाल होतात, आणि प्रत्येक दिवशी बघणाऱ्याला एखादंच लक्षण दिसतं. काही मुलांत तर सुरुवातच ताप आणि मानेतली मोठी दुखरी गाठ एवढ्यावरच होते, बाकी सगळं दोन-तीन दिवसांनी. मग त्याला बॅक्टेरियाची गाठ समजून अँटिबायोटिक दिलं जातं, उतार पडत नाही, अँटिबायोटिक बदललं जातं, तरी उतार पडत नाही, आणि दिवस जातात. म्हणून माझं सगळ्या पालकांना आणि नवीन डॉक्टरांनाही कळकळीने सांगणं असतं की गाठ आणि ताप अँटिबायोटिकला दाद देत नसेल तर आणखी भारी अँटिबायोटिकच्या आधी ओठ, जीभ, डोळे, तळहात-तळपाय परत बघा आणि गेल्या पाच-सहा दिवसांत काय येऊन गेलं ते आईला विचारा. मोबाइलमधले फोटो इथे खरंच कामाला येतात, पुरळ दिसलं की फोटो काढा, डोळे लाल झाले की फोटो काढा, फोटोवर तारीख असतेच. उपचार न झालेल्या साधारण दर चार मुलांपैकी एकाच्या कोरोनरी वाहिन्यांवर परिणाम होतो, आणि ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) शिरेतून दिलं तर हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. एवढा मोठा फरक केवळ वेळेत ओळखल्याने पडतो असे आजार बालरोगात थोडेच आहेत. निदान झालं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात, ती पुढे काही आठवड्यांनी परत करतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालं असेल तर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढे ढकलतात, हे लसीच्या कार्डावर लिहून घ्या नाहीतर विसरलं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर लक्षणं फारच अर्धवट असतात आणि हृदयाचा धोका जास्त, त्यामुळे इतक्या लहान बाळाचा ताप कारण सापडल्याशिवाय लांबत चालला की आम्ही फार वाट बघत नाही.

तुमच्या मुलीला हे असेलच असं मी म्हणत नाही, बहुतेक नसेल. पण हे बघून नाही म्हणणं आणि न बघता नाही म्हणणं यात फरक आहे.

अँटिबायोटिक आधीच का दिलं नाही असं तुम्ही विचारलंय. व्हायरसवर ते काम करत नाही हे सगळ्यांना माहीत असतं तरी ताप पाचव्या दिवशी असला की मन मानत नाही, मला समजतं ते. पण उगाच दिल्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे मोनो असेल आणि अॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या गटातलं अँटिबायोटिक दिलं तर बऱ्याच मुलांना अंगभर पुरळ येतं, मग ती अॅलर्जी समजून जन्मभर पेनिसिलिन बंद केलं जातं जे खरंतर चांगलं आणि साधं औषध आहे. दुसरं म्हणजे चित्र गढूळ होतं, पुरळ औषधाने आलं की आजाराने, ताप कमी झाला तो औषधाने की आपोआप, काहीच सांगता येत नाही. स्ट्रेप्टोकॉकसचा घसा असेल तर नक्की द्यावं, पण तो तीन वर्षांच्या आत कमी दिसतो, पाच ते पंधरा वयात जास्त, आणि त्यात सहसा सर्दी खोकला नसतो, एकदम ताप, घसा प्रचंड दुखतो, जबड्याखालच्या गाठी दुखतात. तिथे दहा दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही, कारण तो पुढच्या संधिवाताच्या तापापासून (रुमॅटिक फिव्हर) हृदयाला वाचवायला असतो.

तापाचं घरी काय करायचं ते सांगते कारण औषधाच्या मापात फार गोंधळ होतो. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं, एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये कमीत कमी चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चार डोसच्या वर नाही. म्हणजे १४ किलोच्या मुलीला २०० मिलिग्रॅम पुरे. आता हे २०० मिलिग्रॅम म्हणजे ५ मिलीमध्ये २५० असलेल्या सिरपचे ४ मिली, ५ मिलीमध्ये १२५ वाल्याचे ८ मिली, आणि १ मिलीमध्ये १०० असलेल्या ड्रॉप्सचे फक्त २ मिली. ड्रॉप्स सिरपच्या मापाने दिले तर कितीतरी पट डोस जातो आणि लिव्हरवर येतं, म्हणून बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा आणि तुमच्या डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या, सर्दीच्या कॉम्बिनेशन सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं तेही बघा. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांच्या वर चालतं पण मूल काही पीत नसेल, लघवी कमी असेल, कांजिण्या असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तर नको. अॅस्पिरिन स्वतःहून मुलांना कधीच देऊ नका, कावासाकीत देतात ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तो अपवाद आहे. आणि गार पाण्याच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडत असेल, रडत असेल तर त्या बंद करा, थरमॉमीटरचा आकडा खाली आणणं हे आपलं काम नाही, मूल जरा बरं वाटून पाणी प्यायला, थोडं खायला, खेळायला लागणं हे काम आहे. उलट ताप उतरल्यावरही मूल मलूल पडून असेल तर तेव्हा काळजी करायची, आकडा काहीही असो.

गाठीवर शेक, मालीश, लेप काही करू नका. चोळल्याने गाठ विरत नाही, दुखते मात्र जास्त, आणि आत पू असेल तर वरची कातडी भाजून-सोलवटून आणखी गोंधळ होतो. दिवसातून दहा वेळा दाबून बघणंही थांबवा. मला माहीत आहे हात आपोआप जातो, पण रोज दाबून बघितलं की रोज ती वेगळीच लागते, कधी मोठी वाटते कधी छोटी, आणि झोप उडते. आठवड्यातून एकदा, तीच व्यक्ती, मूल शांत असताना, पट्टीने लांबी मोजून तारखेसकट लिहून ठेवा, बास. ताप तीन-चार-पाच दिवसांत गेला तरी गाठ बसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि छोटीशी कडक गोळी महिनोन्महिने लागत राहिली, वाढत नसली, तर ती नुसती राहिलेली खूण समजा.

टीबीचं बोलू, कारण घरात तोच शब्द निघालाय. टीबीची गाठ अशी पाच दिवसांत तापासकट उसळून येत नाही. ती आठवड्याआठवड्याने वाढते, बहुधा दुखत नाही, सुरुवातीला सुटी असते मग दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो, पुढे मऊ पडते, कातडी जांभळट होते आणि फुटून वाहत राहते. सोबत दोन आठवड्यांहून जास्त बारीक ताप किंवा खोकला, वजन न वाढणं किंवा कमी होणं, खेळणं मंदावणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात किंवा मूल सांभाळणाऱ्यांपैकी कुणाला टीबी किंवा रेंगाळलेला खोकला. हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो, पण मुलाला टीबी मोठ्या माणसाकडूनच मिळतो त्यामुळे तो विचारावाच लागतो. शंका असेल तर त्वचेवर केली जाणारी टीबीची चाचणी, छातीचा एक्स-रे, आणि गाठीत सुई घालून काढलेल्या नमुन्याची तपासणी, त्याच नमुन्यावर जीनएक्स्पर्टही होतं ज्यात टीबीचे जंतू आहेत का आणि ते रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतात का ते लवकर कळतं. नुसता ईएसआर (शरीरात सूज आहे हे सांगणारी रक्ततपासणी) वाढलाय म्हणून किंवा चाचणी न करता बघू या फरक पडतो का म्हणून टीबीची औषधं सुरू करणं मला अजिबात पटत नाही, कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि तो कशासाठी चाललाय हे माहीत असायला हवं. बाळाला बीसीजी दिल्यावर त्याच बाजूच्या काखेत काही आठवड्यांनी-महिन्यांनी गाठ येते ती वेगळी, बाळ छान असेल तर बहुतेक ती आपोआप जाते, तिला टीबीची औषधं लागत नाहीत आणि चिरा तर देऊच नये, फार मऊ पडली तर सुईने पू काढतात.

मांजरीच्या पिल्लाशी खेळताना ओरखडा निघाला आणि एक ते तीन आठवड्यांनी त्याच बाजूच्या काखेत किंवा मानेत गाठ आली असंही असतं, बार्टोनेला नावाच्या जंतूने. घरात मांजर असेल तर सांगायला विसरू नका, हा एक धागा कळला तर बऱ्याच तपासण्या वाचतात.

कॅन्सर हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत पण मनात आहे हे कळतं, म्हणून स्पष्टच सांगते. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) यांमधली गाठ बहुतेक दुखत नाही, टणक किंवा रबरासारखी लागते, आजूबाजूला चिकटल्यासारखी हलत नाही, आणि आठवड्यांमागून आठवडे वाढतच जाते. सोबत मूल पांढरंफटक दिसतं, कुठे आपटलं नसताना काळेनिळे डाग, कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, रात्री हाडं दुखतात म्हणून रडत उठणं, लंगडणं, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, वजन उतरणं, विनाकारण दोन आठवड्यांच्या वर ताप. यातलं काही असेल तर साधं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) त्याच दिवशी करून घ्यायचं, छातीचा एक्स-रे करायचा. आणि कारण कळायच्या आधी गाठ बसावी म्हणून स्टिरॉइडचं सिरप कुणी देत असेल तर थांबवा आणि विचारा की कशासाठी. स्टिरॉइडने ल्युकेमिया-लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरते, सगळ्यांना वाटतं बरं झालं, निदान मागे पडतं, आणि नंतरची बायोप्सी (गाठ किंवा तिचा तुकडा काढून केलेली तपासणी) वाचणं अवघड होतं. हे मी फार मनापासून सांगतेय. बायोप्सीचा विचार आम्ही गाठ दोन सेंटीमीटरच्या वर असून चार-सहा आठवड्यांत जराही कमी झाली नाही, वाढतेय, कॉलर बोनच्या वर आहे, किंवा वरची लक्षणं आहेत तेव्हा करतो, आणि लिम्फोमाची शंका असेल तर नुसत्या सुईच्या तपासणीपेक्षा अख्खी गाठ काढून तपासणं जास्त खात्रीचं.

आणखी एक प्रकार ज्यात पालक दमून जातात. दर तीन ते सहा आठवड्यांनी, जवळजवळ तारीख लावून, तीन ते सहा दिवसांचा चढा ताप, घसा लाल, तोंडात फोड, मानेत गाठी, आणि मधल्या दिवसांत मूल एकदम ठणठणीत, वजन-उंची छान. दर वेळी टॉन्सिल म्हणून अँटिबायोटिक. हे वारंवार होत असेल तर कॅलेंडरवर ताप मांडून डॉक्टरांना दाखवा, पीएफएपीए नावाचा त्रास असू शकतो, पाच वर्षांच्या आत सुरू होतो, जंतूंमुळे होत नाही आणि वय वाढेल तसा बहुतेक मुलांत थांबतो.

उद्यापर्यंत न थांबता आज रात्रीच हॉस्पिटल गाठायचं ते कधी, तर मान वळवत नाही किंवा एका बाजूला धरून ठेवलीय, तोंडातून लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज घोगरा-बसका झालाय, श्वासाला आवाज येतोय, या वयात घशाच्या मागच्या नोडमध्ये पू होऊ शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. तसंच मूल जागं होत नाही नीट, सारखं पेंगतंय, आठ तासांत लघवी नाही, उलट्या थांबत नाहीत, झटका आला, मान ताठ झाली, किंवा दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर आले. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप आला तर गाठ असो नसो, औषध देऊन वाट बघायची नाही, लगेच न्यायचं.

उद्या जाताना तापाचा कागद घेऊन जा, कोणत्या वेळी किती आणि कोणतं औषध किती मिली दिलं ते. डॉक्टरांना सांगा की आज सहावा दिवस आहे, हा आकडा आधी सांगा. डोळे, ओठ, पुरळ, पंजे यात मधे काही दिसलं होतं का ते आठवून सांगा, घरात कुणाला खोकला आहे का, मांजर आहे का, दात दुखतो म्हणते का, गेल्या महिन्यात आणखी कोणती औषधं झाली. तपासणीनंतर ते सीबीसी, सीआरपी (सूज मोजणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी सांगतील असं मला वाटतं, उजवीकडची गाठ खूप दुखरी असेल तर सोनोग्राफीही, आणि यातलं काही वाईट निघेल म्हणून नाही तर सहाव्या दिवशी ते बघायलाच हवं म्हणून. सगळं ठीक आलं आणि दोन दिवसांत ताप गेला तर तीन आठवड्यांनी गाठ परत दाखवायची तारीख तिथेच ठरवून या. कावासाकीचा विचार केलाय का असं थेट विचारायला अजिबात संकोच करू नका, कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येणार नाही.